फोटो कोणाचा? बुद्वार फोटोग्राफी आणि आत्मसन्मानाचा प्रश्न

आपल्या वस्त्यांमधली अनेक पोरं-पोरी हप्त्यावर कॅमेरा घेऊन फोटोग्राफीच्या धंद्यात उतरली आहेत. लग्न, बारसे, प्री-वेडिंग, जयंतीची मिरवणूक हे सगळे ती उत्तम टिपतात. आता त्यांच्याकडे बुद्वार फोटोग्राफीची विचारणाही होऊ लागली आहे. बुद्वार म्हणजे स्त्रीने स्वतःसाठी काढून घेतलेले खासगी फोटो. कधी अंतर्वस्त्रांत, कधी चादरीत लपेटून, कधी नुसत्या ढगळ शर्टात. हा विषय निघाला की आपल्या बैठकांत दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, 'हे आपल्या समाजाला शोभत नाही.' दुसरी, 'तिचे शरीर, तिची मर्जी, चर्चा कसली?' आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिले स्त्रीवर पहारा बसवते आणि दुसरे तिला व्यवहारात एकटे सोडते. फोटो कोणाच्या सांगण्यावरून निघाला, कोणाच्या अटींवर निघाला आणि शेवटी तो कोणाच्या मालकीचा झाला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय यावर मत देता येत नाही.

'शोभत नाही' म्हणणाऱ्यांनी एक इतिहास आठवावा. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रे असत आणि आत लैंगिक प्रश्नांची सरळ उत्तरे. सनातनी मंडळींनी त्यांना अश्लीलतेच्या खटल्यात ओढले, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण शरीराविषयी बोलणे म्हणजेच अश्लील, ही भूमिका बाबासाहेबांची नव्हती, हे त्या वकीलपत्राने नोंदवून ठेवले.

यावर कोणी १६ जून १९३६ ची दामोदर हॉलमधली सभा दाखवेल. तिथे बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणींना तो लाजिरवाणा व्यवसाय सोडायला सांगितले होते. मग त्याच बाबासाहेबांची लेक कॅमेऱ्यासमोर अशी बसेल का? आम्हाला या दोन प्रसंगांत विरोध दिसत नाही. देवदासीचे शरीर जातीने आणि देवाच्या नावाने दुसऱ्यांच्या हवाली केलेले होते. निवड तिची नव्हती आणि मोबदल्यातून सन्मान मिळत नव्हता. बुद्वार शूटमध्ये स्त्री स्वतः गिऱ्हाईक असते. पैसे ती देते, अटी ती घालते, फोटो ती घरी नेते. हे खरोखर असेच घडत असेल तर गुलामीशी त्याची तुलना होत नाही. आणि असे घडत नसेल, तर कपडे कितीही अंगभर असले तरी ते शोषणच आहे.

शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या पुस्तकात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या संदर्भात 'अश्लील' हा शिक्का जातीशी कसा बांधलेला आहे, ते सविस्तर मांडले आहे. वरच्या जातीच्या नटीचा तोच फोटो 'बोल्ड' ठरतो आणि आपल्या मुलीचा 'चवचाल'. हा दुहेरी न्याय आपणच आपल्या घरात चालवायचा का?

बुद्वार हा फ्रेंच शब्द. अर्थ, बाईची स्वतःची खोली. मूळ धातू रुसण्याचा, म्हणजे रुसून एकटीने बसायची जागा. आपल्या आज्या-आयांनी दहा बाय दहाच्या खोलीत संसार केला. चादर आडवी धरून कपडे बदलले, न्हाणीला दार नव्हते म्हणून पहाटे उठल्या. जिला स्वतःची खोलीच मिळाली नाही तिच्या नातीला दोन तास दार लावून स्वतःकडे पाहावेसे वाटले, तर त्यात लाज कसली?

आता व्यवहाराकडे येऊ, कारण आत्मसन्मान व्यवहारातच टिकतो किंवा बुडतो.

शूटच्या आधी किमान एक बैठक कॅमेऱ्याशिवाय झाली पाहिजे. फोटोग्राफरने एकच गोष्ट नीट समजून घ्यावी: ही इच्छा हिची आहे की हिच्या मित्राची, नवऱ्याची? उत्तर देताना ती सोबत आलेल्या पुरुषाकडे बघत असेल, तर तारीख देऊ नका, एकटीशी बोला. वय १८ पूर्ण असल्याचा पुरावा पाहा. त्याखालच्या मुलीचे असे शूट तिच्या किंवा आईवडिलांच्या होकारानेही करायचे नाही. कोणते कपडे, शरीराचा कोणता भाग दाखवायचा नाही, चेहरा हवा की नको, गोंदण किंवा जखमेची खूण दिसू द्यायची का, हे कागदावर लिहा. खोलीत कोण असेल तेही लिहा. मैत्रीण आणायची मुभा प्रत्येकीला असावी.

पैशाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याविषयीच आपल्याकडे कोणी बोलत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम १७ सांगते की, मोबदला देऊन एखाद्याने आपल्यासाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. म्हणजे बाईने स्वतः बुकिंग केले, स्वतः पैसे दिले, तर कॉपीराइट तिचा. पण 'ताई, तुमच्याकडून पैसे नकोत, फक्त माझ्या पोर्टफोलिओत फोटो टाकू द्या' असे म्हणत कोणी फुकट शूट केले, तर मालकी साधारणपणे फोटोग्राफरची. आणि नवऱ्याने स्वतःच्या नावाने शूट ठरवून पैसे भरले, तर त्या मालकीवर तो दावा सांगू शकतो. म्हणून पावती बाईच्याच नावाची हवी. करारात बारीक अक्षरांत 'सर्व हक्क स्टुडिओकडे' असे वाक्य असेल तर ते खोडायला लावा, नाहीतर उठून या. समुपदेशनाच्या कामात आमच्यासमोर जी प्रकरणे येतात, त्यांत बायकांनी सही केलेली असते, पण कागद वाचून कोणी दाखवलेला नसतो.

शूटच्या दिवशी घाई नको. दोन-तीन तास ठेवा, पहिला अर्धा तास पूर्ण कपड्यांत काढा, म्हणजे अंग सैलावते. हात कुठे ठेवायचा, मान कशी वळवायची हे फोटोग्राफरने स्वतः करून दाखवावे. तिच्या अंगाला हात लावायचा नाही; पदर किंवा केस सारखे करायचे असतील तर तिला किंवा मैत्रिणीला सांगायचे. मधेमधे कॅमेऱ्याचा पडदा तिला दाखवा आणि नको असलेला फोटो तिच्यासमोर काढून टाका. होकार सकाळी दिला म्हणून दुपारी कायम राहतो असे नाही. ती 'बस' म्हणाली की शूट संपले.

प्रकाशाचेही राजकारण आहे. कोडॅकने रंगांचे माप ठरवण्यासाठी प्रयोगशाळांना दिलेल्या 'शर्ली कार्डा'वर दीर्घकाळ गोरी बाईच असे. फिल्म गेली, पण सवय राहिली. पांढऱ्या चादरीवर सावळी स्त्री बसली की कॅमेऱ्याचे मीटर चादरीला भुलते आणि चेहरा काळवंडतो. मग एडिटिंगमध्ये तिला गोरी केले जाते. हे करू नका. मीटर चेहऱ्यावर लावा, खिडकीला पातळ पडदा टाकून बाजूने उजेड घ्या, त्वचेला थोडे तेल किंवा मॉइश्चरायझर लावू द्या. सावळ्या कांतीवर उजेडाची कड किती देखणी येते ते मग बघा. स्ट्रेच मार्क, सिझेरियनचा व्रण पुसायचा की नाही, हे तिला विचारल्याशिवाय ठरवू नका.

शूटनंतर फाइली कुठे राहतात, हे कागदावर हवे. पासवर्ड असलेली एकच प्रत, अमुक दिवसांनी ती नष्ट, व्हॉट्सॲपवर काही नाही, एडिटिंग बाहेर कोणाकडे नाही. सगळे फोटो तिच्याकडे पोहोचले की कार्ड तिच्यासमोर रिकामे करावे.

तरीही फोटो फुटले तर? भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. फोटो काढायला संमती होती पण पसरवायला नव्हती, तरी पसरवणे हा गुन्हाच आहे, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान एक आणि कमाल तीन वर्षे कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई वेगळे. म्हणून ठाण्यात कोणी 'तूच काढून घेतलेस ना?' असे विचारले, तर तिच्या बाजूला बसून हे कलम वाचून दाखवणे आपले काम आहे. त्या वेळी तिचे चारित्र्य तपासत बसणारा भाऊ, मित्र किंवा कार्यकर्ता फोटो पसरवणाऱ्याच्याच बाजूला उभा असतो.

कॅमेरा हातात असलेल्या आपल्या तरुणांना आमची सूचना आहे. एका पानाचा, सोप्या मराठीतला करार तयार करा. मालकी, मर्यादा, सोबत, साठवण, नष्ट करण्याची तारीख, एवढेच मुद्दे. सही घेण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवा आणि एक प्रत तिच्या हातात द्या. हा नियम बुद्वारपुरता ठेवू नका, प्री-वेडिंगलाही लावा. गिऱ्हाईक कमी होईल ही भीती सोडा. जिथे आपला शब्द पाळला जातो, तिथे बायका मैत्रिणींना घेऊन परत येतात.

जय भीम.