यादीत नाव न आलेल्या पोरांना एकटं सोडू नका

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि मधल्या सगळ्या उपनगरांतले क्लब, व्यायामशाळा, कबड्डी-खोखोची मंडळं, शाळा आणि पालक यांना ही कळकळीची विनंती आहे. पावसाळा सरला की निवड चाचण्यांचा हंगाम सुरू होतो. यादी लागते, नाव नसलेली मुलं किटबॅग उचलून घरी जातात. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत त्यांची विचारपूस करायची कुणी, हे आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर ठरलेलंच नसतं. ते या हंगामाआधी ठरवा.

३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य ३३९. भांडुपमध्ये लहानपण गेलेल्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून तो जिंकून दिला. ती खेळी आपण पुन्हा पुन्हा पाहिली. पण सामन्यानंतर पत्रकारांसमोर ती जे बोलली, ते प्रत्येक प्रशिक्षकाने ऐकायला हवं. स्पर्धेच्या सुरुवातीला तिला चिंतेचा त्रास होत होता. आईला फोन लावून ती रडायची, मन बधिर झालेलं असायचं. त्यातच इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला वगळलं गेलं. संघातल्या अरुंधती रेड्डीपुढे ती जवळजवळ रोज रडली. सांगलीची स्मृती मानधना काही न बोलता नुसती जवळ येऊन उभी राहायची. आपल्या कांदिवलीत वाढलेली राधा यादव तिला जपायची. मदत मागण्यात काही गैर नाही, हे जेमिमाने सगळ्यांदेखत सांगितलं.

तिच्याभोवती माणसं होती. आपल्या चौदा वर्षांच्या चढाईपटूभोवती कोण आहे?

मुलुंडच्या पुढे, कल्याणला, जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा पंधरा वर्षांचा मुलगा एका दिवसात जगभर पोचला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा आटल्या आणि २०१७ मध्ये वडिलांनी स्वतः पत्र लिहून ती थांबवायला सांगितली. त्या बापाच्या प्रामाणिकपणापुढे मान झुकते. पण एवढ्या कोवळ्या वयात अंगावर येणाऱ्या अपेक्षा पेलायला शिकवणारी पक्की व्यवस्था आपण शालेय खेळात उभी केलेली नाही. सत्काराला मात्र आपण लगेच धावतो.

आपल्या घरांत खेळ हा नुसता छंद नसतो. दहावी-बारावीचे क्रीडा गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, पोलीस किंवा रेल्वेच्या संघात लागण्याची आशा, सगळं त्या एका यादीवर टेकलेलं असतं. कुमार गटात बसायला मुलं वजनासाठी जेवण तोडतात. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली की नऊ-नऊ महिने मैदान सुटतं, आणि मैदानाबरोबर मित्रही सुटतात. अशा पोराला ‘मनाने कच्चा आहे’, ‘नाटकं करतो’ म्हणणं हा अन्याय आहे.

म्हणून मागणं साधं आहे. प्रत्येक क्लबने, मंडळाने एक ताई किंवा दादा नेमावा. निवडीत ज्याचा काही हात नाही, असाच माणूस हवा, नाहीतर मुलं तोंड उघडणार नाहीत. वगळलेल्या मुलाला कारण प्रशिक्षकाने समोर बसवून सांगावं, ग्रुपवर यादी टाकून मोकळं होऊ नये. जखमी खेळाडूला गुण मांडायला, लहानांना शिकवायला मैदानावर बोलावत राहा. उपनगरांतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि समुपदेशकांनी आठवड्यातली एक संध्याकाळ जवळच्या मैदानाला द्यावी. महापालिकेने अंधेरीच्या आणि मुलुंडच्या क्रीडासंकुलांत त्यांच्यासाठी एक खोली द्यावी. व्यायामशाळेला जागा मिळते, मग या खोलीलाही मिळू शकते.

आईबाबांनो, चाचणीवरून परतताना लोकलमध्ये चुकांचा हिशेब मांडू नका. आधी पोटभर जेवू घाला. झोप उडणं, सामन्याआधी दरवेळी पोट दुखणं, सरावाला टाळाटाळ, दुखापत लपवणं, बोलणं तुटणं यातलं काही दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरकडे न्या. कूपरसारख्या पालिका रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पैसा नाही म्हणून थांबू नका.

आणि एखादा मुलगा, एखादी मुलगी ‘आता जगून काय करू’ असं बोलली, तर ते रागातलं बोलणं समजून सोडून देऊ नका. त्या पोराला एकटं ठेवू नका, थेट विचारा, शांतपणे ऐका, त्याच दिवशी मदत घ्या. केंद्र सरकारची टेली मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. नंबर आहे १४४१६. तो आपल्या मैदानाच्या फलकावर, सरावाच्या वेळापत्रकाशेजारी आजच लिहा आणि नेमलेल्या ताई-दादाचं नाव त्याखाली घाला.