विश्लेषण : मजूर झोपतो कुठे, हे न पाहता कामाचे बिल निघावे का?

जाफराबाद तालुक्यातील पासोडी-चांडोळ येथे पुलाचे काम सुरू होते. 22 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे वाळूने भरलेला टिप्पर आला आणि मजूर झोपले होते त्या शेडवरच रिकामा झाला. वाळूखाली दबून पाच मजुरांचा जीव गेला. एका मुलीला जिवंत बाहेर काढता आले. चालकावर गुन्हा, हळहळ, मदतीची मागणी हे सगळे नेहमीप्रमाणे झाले. पण या दुर्घटनेने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर अजून द्यायचे आहे. बांधकामावरची सुरक्षा म्हणजे नेमके काय?

हेल्मेटने ते वाचले असते का?

नाही. ते मजूर उंचावर चढलेले नव्हते, यंत्रावर नव्हते, खड्ड्यात नव्हते. ते झोपेत होते. आपल्याकडे सुरक्षा म्हटले की हेल्मेट, पट्टा, बूट एवढेच डोळ्यांसमोर येते. ते हवेच. पण गावाबाहेरच्या कामावर मजूर चोवीस तास राहतो. तिथेच स्वयंपाक, तिथेच मुले, तिथेच झोप. त्यामुळे कामाचे तास संपले तरी धोका संपत नाही.

शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील उदाहरण याच जातीचे आहे. 20 ऑगस्ट 2021 रोजी सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीडजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळ्या होत्या आणि मजूरही होते. 13 जण दगावले. तेव्हाही ते मजूर प्रत्यक्ष काम करत नव्हते, त्यांची ने-आण सुरू होती. मजुरांची वाहतूक आणि मजुरांचा निवारा या दोन गोष्टी सुरक्षेच्या यादीत शेवटी येतात किंवा येतच नाहीत.

कायदा काय सांगतो?

पासोडीची घटना घडली तेव्हा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, 1996 लागू होता. दहा किंवा अधिक मजूर असलेल्या कामाला तो लागू असे. त्यातील कलम 34 नुसार मजुरांना कामाच्या जागी किंवा शक्य तितक्या जवळ तात्पुरता निवारा मोफत देणे ही मालकाची जबाबदारी होती. स्वयंपाक, अंघोळ आणि शौचालयाची सोयही त्यातच आली. म्हणजे निवारा ही ठेकेदाराची मेहेरबानी नव्हती. मात्र याच कायद्यात सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दलची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच होती.

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 अमलात आली आणि जुना कायदा तिच्यात विलीन झाला. शिक्षा वाढली आहे. मालकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्या दंडातील निम्मी किंवा अधिक रक्कम पीडिताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. धोका दिसला तर तो मालकाला कळवण्याचा हक्क कामगाराला आहे आणि त्यावर तातडीने उपाय करणे मालकाला भाग आहे.

मग अडते कुठे?

अडते ते आकड्यांत. नव्या संहितेनुसार बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती 250 किंवा अधिक कामगार असतील तेव्हाच आहे. पूर्वी हा आकडा 500 होता, म्हणजे सुधारणा आहेच. पण जालना जिल्ह्यातला गावरस्ता, नाल्यावरचा पूल, शाळेची खोली, पाण्याची टाकी अशा कामांवर 250 मजूर कधी असतात? तिथे असतात दहा, पंधरा, पंचवीस. दहापेक्षा कमी असले, तर ते काम या व्याख्येतच बसत नाही. स्वतःला राहण्यासाठी बांधलेले 50 लाखांपर्यंतचे घरही बाहेर राहते.

म्हणजे छोट्या कामावर कर्तव्य आहे, शिक्षाही आहे, पण रोज लक्ष ठेवणारा माणूस नाही. कामगार विभागाच्या निरीक्षकाने प्रत्येक गावच्या पुलावर जावे, ही अपेक्षा आजच्या मनुष्यबळात फोल आहे. ठेकेदार काम पुढे उपठेकेदाराला देतो, तो मुकादमाला सांगतो. वाळू दुसऱ्याची, टिप्पर तिसऱ्याचा. रात्री येणाऱ्या चालकाला शेड कुठे आहे आणि वाळू कुठे टाकायची, हे सांगायला कोणीच जागे नसते. शेवटी गुन्हा एकट्या चालकावर येतो.

बिलाचा टेबल चुकत नाही

या साखळीत एक जागा मात्र अशी आहे, जी कधी चुकत नाही. ती म्हणजे बिल काढणारे कार्यालय. सार्वजनिक बांधकाम विभाग असो की जिल्हा परिषद, सरकारी कामाचे बिल निघताना बांधकाम कामगारांसाठीचा एक टक्का उपकर आधीच कापला जातो. एक कोटीच्या कामामागे एक लाख. त्यासाठी कोणाला साइटवर जावे लागत नाही, कारण उपकर कापल्याशिवाय बिल पुढे सरकतच नाही. मजुरांच्या नावाने पैसे कापणारा टेबल मजूर कुठे झोपतात हेही विचारू शकतो. माझे म्हणणे एवढेच आहे.

हे करणे अवघडही नाही. घरकुलाचा हप्ता मिळवण्यासाठी गरीब माणसाला बांधकामाचा जागा आणि तारीख नोंदवणारा फोटो द्यावा लागतो. तोच नियम ठेकेदाराला लावा. प्रत्येक चालू बिलासोबत तीन फोटो हवेत. पहिला, मजुरांच्या शेडचा. शेड आणि वाहनांची वाट यांच्यामध्ये दगड किंवा मातीचा बांध दिसला पाहिजे, म्हणजे टिप्पर चुकूनही तिथवर जाणार नाही. दुसरा, वाळू-खडी उतरवण्याची आखून दिलेली जागा आणि तिथला दिवा. तिसरा, गाडी मागे घेताना इशारा देणाऱ्या माणसाचा. तो माणूस नसेल, तर रात्री माल उतरवणे बंद.

आक्षेप आणि उत्तर

ठेकेदार म्हणतील, खर्च वाढेल. त्यात तथ्य आहे. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते, तेव्हा पहिली कात्री सुरक्षेवर चालते. म्हणून अंदाजपत्रकातच निवारा आणि सुरक्षेची वेगळी बाब ठेवावी. तिचा दर ठरलेला असावा आणि त्यात स्पर्धा नसावी. काम केले तर पैसे, नाही केले तर कपात.

दुसरा आक्षेप असा की, फोटो काय, एकदा काढून चिकटवले जातील. तेही होईल. म्हणूनच कनिष्ठ अभियंत्याची महिन्यातून एक भेट रात्री व्हावी आणि ती मोजमाप पुस्तिकेत नोंदली जावी. ज्याच्या सहीने बिल निघते, त्याच्या सहीने ही नोंदही असावी. मग दुर्घटनेनंतर जबाबदार कोण हे शोधत बसावे लागणार नाही. ब्रिटनमध्ये 2015 च्या नियमांनुसार काम करवून घेणाऱ्यावरही सुरक्षेचे कर्तव्य आहे, केवळ ठेकेदारावर नाही. आपल्याकडे काम करवून घेणारे बहुतेकदा सरकारच असते. मग सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

मजुरांच्या नोंदणीचे काय?

राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाखांचे सहाय्य मिळते. नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि मागील वर्षात 90 दिवस बांधकामावर काम ही अट आहे. गाव सोडून हिंडणाऱ्या मजुराला 90 दिवसांचा दाखला देणार कोण? काम सोडताना तो दाखला हातात ठेवणे हीदेखील बिलाचीच अट व्हावी.

पासोडीच्या शेडपुढे मातीचा एक बांध आणि एक जागा माणूस असता, तर त्या पहाटे वाळू वाळूच्या जागी पडली असती. यासाठी नवा कायदा लागत नाही. बिलावर सही करण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो.