संध्याकाळची वही

परवा आमच्या निगडीच्या सोसायटीत आठवी-नववीची सात-आठ पोरे वही उघडून जिन्यावर बसली होती. गृहपाठ असेल म्हणून मी कौतुकाने डोकावलो. पाहतो तो काय, नळाला पाणी कधी आले आणि कधी गेले याचा महिन्याभराचा हिशेब! २०१९च्या नोव्हेंबरात शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हा आम्ही थोरांनी टाक्या मोठ्या केल्या आणि कुरकुर केली. पोरांनी वही घातली.

यांतल्या निम्म्यांचे आईबाप चाकणला पाळीवर. घरी यायला रात्र होते. म्हणून शाळा सुटल्यावर तासभर शेजारची एक कॉलेजातली ताई त्यांचे खेळ घेते. तिनेच त्यांना रावेतचा बंधारा दाखवून आणला. पवनेचे पाणी तिथून उचलून सेक्टर तेवीसमध्ये शुद्ध होते, हे दोन वेण्यांची एक मुलगी मलाच समजावून सांगू लागली.

मला राष्ट्र सेवा दल आठवले. १९४१ साली एस. एम. जोशींनी त्याची धुरा घेतली. संध्याकाळी मैदानावर खेळ, कवायत, गाणी आणि मग चर्चा, असा बेत. पुढच्याच वर्षी बेचाळीसची चळवळ आली आणि त्या मैदानावरची पुष्कळ पोरे तीत उतरली. खेळता खेळता प्रश्न विचारायची सवय लागते, ती अशी!

आणि तिथेच आम्ही थोर बिचकतो. पोरांनी अर्ज लिहिला होता : पाण्याची वेळ ठरवून फलकावर लावावी. एवढेच. खाली मोठ्यांच्या सह्या हव्या होत्या. "झाडे लावा, जिने झाडा, फोटो काढू," सेक्रेटरी म्हणाले, "अर्जबिर्ज कशाला? उगाच वाकड्यात शिरायचे!" माहिती मागताना कारणसुद्धा सांगावे लागत नाही, असा कायदा २००५ साली झाला, पण ही भीती त्याहून जुनी.

मी काय केले? आता खोटे कशाला बोला! मी मराठीचा मास्तर. लाल पेनाने अर्जातले ऱ्हस्वदीर्घ सुधारले, पाठ थोपटली आणि वर निघालो.

"काका," दोन वेण्यांनी हाक मारली, "तुम्ही पत्रलेखन शिकवता ना? ती पत्रे कोणी पाठवतच नाही का?"

दोन पायऱ्या खाली उतरून मी सही केली. हिने पाहिले, तेव्हा न बोलता पेन माझ्या हातून घेतले आणि खाली आपली केली.

बुधवारी चारला कचेरीत जायचे आहे. माझा शेवटचा तास मी सकाळी घेणार आहे.