बिऱ्हाडाचा पत्ता

मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ असे दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. घर जागेवर असते. त्याला पाया असतो, उंबरा असतो, ग्रामपंचायतीच्या वहीत क्रमांक असतो. बिऱ्हाड माणसांबरोबर चालते. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि औषधांची पिशवी जिथे टेकेल तिथे ते थाटले जाते. म्हणूनच विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. विंचवाचे घर पाठीवर असल्याचे कोणी म्हणत नाही. शब्दच्छटांचा हा धडा आम्हांला स्वतःला नीट कळला तो मात्र गेल्या वर्षी, दूरचित्रवाणी आणि फोन यांच्या व्यवहारात हेलपाटे घालताना.

आम्ही दोघेही पुण्यात मराठी शिकवतो. कोथरूडला सदनिका आहे आणि राजापूर तालुक्यात जांभ्या दगडाचे, कौलारू, वडिलोपार्जित घर आहे. तिथे आई राहते; आमच्यापैकी एकाची आई, दुसरीच्या सासूबाई. मृग लागला की ती पुण्याला येते आणि गणपतीच्या आधी, घर झाडायला हवे म्हणून, परतते. मे महिन्यात, गणपतीत आणि दिवाळीत आम्ही तिकडे असतो. म्हणजे माणसे तीन, घरे दोन आणि बिऱ्हाड, आमच्या समजुतीप्रमाणे, एकच. ही समजूत सेवा पुरवणाऱ्या कोणत्याही कंपनीला मान्य नाही.

पूर्वी हा प्रश्न नव्हता असे नाही, पण त्याचे रूप वेगळे होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागले. तेव्हा पोस्टात परवाना शुल्क भरावे लागे हे खरे. पण गच्चीवर अँटेना उभारली की आकाशातून येणारी लहर दाराशी थांबून नाव विचारत नसे. नव्वदीच्या दशकात केबल आली आणि प्रथमच चित्र तारेने घराला बांधले गेले. पुढे डीटीएचची तबकडी आली. डोंगरापलीकडच्या वाडीतही चित्र पोचले, हे तिचे मोठे उपकार. परंतु प्रत्येक तबकडीमागे एक ग्राहक क्रमांक, प्रत्येक क्रमांकामागे एक पत्ता आणि प्रत्येक पत्त्यामागे दरमहा पैसे, अशी साखळी तिच्यासोबत आली.

गावच्या घरावरची तबकडी आग्नेयेकडे तोंड करून बसली आहे. फणसाची फांदी वाढली की चित्राचे तुकडे होतात. धो धो पावसात तर ते नाहीसेच होते, कारण डीटीएचसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू पट्ट्यातील लहरी दाट पाऊस शोषून घेतो. तेव्हा पावसाळ्यात आई तिथे नसते आणि असती तरी चित्र धड दिसले नसते. मग या दोन-अडीच महिन्यांचे पैसे का भरायचे, असा साधा प्रश्न आम्ही विचारला. सेवा तात्पुरती स्थगित ठेवण्याची तरतूद ‘ट्राय’च्या २०१७ च्या विनियमांत आहे. अर्ज मात्र पुरेसा आधी करावा लागतो. आमचा अर्ज उशिरा पोचला, असे आम्हांला सांगण्यात आले. पाऊस कधी लागणार हे वेधशाळेलाही बेताचेच कळते. आईच्या पुण्याला येण्याची तारीख आम्ही कुठून सांगणार? बंद घरात, झाकून ठेवलेल्या पडद्यामागे, आमच्या पैशांनी वाहिन्यांचा संच चालू राहिला.

दुसरा प्रश्न आम्ही विचारला तो सवलतीचा. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरव्यवस्था लागू झाली तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांसाठी कर वगळून कमाल १३० रुपये जोडणी-शुल्क ठरले. २०२० च्या दुरुस्तीने वाहिन्यांची संख्या वाढली आणि एकाच घरात दुसरा संच असेल तर त्याचे शुल्क मूळ शुल्काच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित झाले. जुलै २०२४ मध्ये कमाल मर्यादाच काढून शुल्क ठरवण्याचे काम वितरकांवर सोपवण्यात आले. या साऱ्या आकडेमोडीत एक गोष्ट बदलली नाही. दिवाणखान्यात एक आणि शयनगृहात एक असे दोन संच एकाच वेळी चालू ठेवणारे कुटुंब सवलतीला पात्र ठरले. दोन गावांत दोन संच ठेवून बहुतेक काळ एकच लावणारे ठरले नाही. भिंत एक असेल तर कुटुंब एक, असा हा हिशोब आहे.

हे केवळ आपल्याकडचे नाही. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातही पासवर्ड कुटुंबाबाहेर देण्यावर बंधन आणले, तेव्हा ‘कुटुंब’ म्हणजे एका ठिकाणच्या इंटरनेट जोडणीवर चालणारी उपकरणे, अशी व्याख्या पुढे आली. प्रवासात पाहण्याची मुभा आहे, पण प्रवास म्हणजे परत यायचे ते. आईच्या दृष्टीने पाहिले तर पुणे हा प्रवास की राजापूर?

फोनची गोष्ट याहून गंभीर आहे. मोबाइल हे खरे तर बिऱ्हाडाचे यंत्र. ते खिशात चालते. पण त्यालाही आपल्याकडे प्रथम सरहद्दी घालून दिल्या गेल्या. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे स्वतंत्र मंडळ आहे आणि महाराष्ट्राच्या मंडळात गोवा येतो. त्यामुळे कित्येक वर्षे सावंतवाडीहून पणजीला जाणारा फोनच्या लेखी स्वगृहीच असे आणि डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला जाणारा परमुलखात जाऊन रोमिंगचे पैसे मोजत असे. ३ जुलै २०१५ पासून देशभर क्रमांक कायम ठेवण्याची सोय झाली, पुढच्या दोनेक वर्षांत देशांतर्गत रोमिंगचा भारही गेला. सरहद्दी पुसल्या असे वाटले. परंतु जागेची सरहद्द गेली आणि मुदतीची आली. २००५ च्या अखेरीस ‘आजीवन’ योजना गाजल्या होत्या; २०१८ च्या अखेरीपासून येणारा फोन घेण्यासाठीही किमान रिचार्ज आवश्यक होऊ लागले.

आईकडे दोन सिमे आहेत, कारण पुण्यात चालणाऱ्या कंपनीची रेंज वाडीत मिळत नाही आणि वाडीत मिळते ती घेण्यासाठीही अंगणाच्या गडग्यापाशी उभे राहावे लागते. गेल्या वर्षी गणपतीआधी ती एकटी पुढे गेली. गावच्या सिमची मुदत पावसात संपली होती आणि ते आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात नव्हते. आम्ही फोन करीत राहिलो. क्रमांक सेवेत नाही, असे एक गोड आवाज सांगत राहिला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाच्या फोनवरून कळले की तिला ताप आहे, अंगावर काढते आहे. डॉक्टरांना फोन करायचा तर तिचा फोन मुका. निवृत्तिवेतनाचे पैसे काढायचे तर बँकेचा ओटीपी त्याच मेलेल्या क्रमांकावर येणार. आम्ही रात्रीच्या गाडीने निघालो. पोचलो तेव्हा ताप उतरला होता. “एवढं धावत यायला काय झालं? फोन बंद होता, मी होत्येच की इथे,” आई म्हणाली.

तिचे वाक्य बरोबर होते आणि आमची भीतीही खरी होती. माणूस आहे पण पोचत नाही, ही अवस्था आपल्या साहित्याला नवी नाही. मुंबईत राहून आरवलीचे जग लिहिणाऱ्या जयवंत दळवींपासून, १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’पर्यंत, मराठी लेखक दोन घरांमधल्या या अंतराविषयी लिहीत आले आहेत. मुंबईचा सुधीर वडिलांच्या मृत्यूनंतर वाड्यात येतो तेव्हा एक कुटुंब दोन पत्त्यांवर राहू लागले की काय तुटते, ते आपल्याला दिसते. वर्गात या नाटकावर बोलताना आम्ही ‘एकत्र कुटुंबाचा ऱ्हास’ असे शब्द सहज वापरतो. आता वाटते, तुटणे हे केवळ मनाचे नसते. त्याला नियमावलीचाही हातभार लागतो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. दोन घरे असणे ही चैन. तिचा खर्च इतरांनी का सोसावा? तबकडी दोन ठिकाणी बसवली तर खर्च दोनदा होणारच. लोणावळ्याच्या बंगल्यापुरता हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण दोन घरी राहणारे सारेच बंगलेवाले नसतात. आमच्या वर्गातला बीडकडचा एक विद्यार्थी हे ऐकून म्हणाला, “सर, मॅडम, आमचं तर सहा महिने गावात आणि सहा महिने कोपीत.” त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास निघायचे, पाडव्याच्या आसपास परतायचे. गावी मागे राहिलेल्या आजीच्या फोनचे रिचार्ज कोणी मारायचे, हा त्यांच्याकडे दरवर्षीचा प्रश्न. मुंबईतल्या चाकरमान्याची तीच गत. महाराष्ट्रात दोन घरे हे बहुधा ऐपतीचे नव्हे, पोटाचे लक्षण आहे.

शिवाय शासनाने हे तत्त्व दुसरीकडे स्वीकारलेलेच आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली आणि जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोचली. तिच्यामुळे स्थलांतरित माणूस आपल्या वाट्याचे धान्य कामाच्या ठिकाणी घेऊ शकतो आणि उरलेले त्याचे कुटुंब गावी घेऊ शकते. धान्य जर बिऱ्हाडामागे चालू शकते, तर जोडणी का नाही?

आमचे मागणे म्हणूनच फार मोठे नाही. एका नावावरच्या दोन पत्त्यांना एक कुटुंब मानावे आणि एका वेळी एकच संच चालवण्याच्या अटीवर तरी दुसऱ्या जोडणीचे शुल्क कमी असावे. सेवा स्थगित करणे आणि पुन्हा सुरू करणे एका फोनवर, दिवसांच्या हिशोबाने व्हावे. आणि म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर येणारा आवाज केवळ मुदत संपली म्हणून तोडला जाऊ नये. या शेवटच्या बाबतीत थोडे पाऊल पडले आहे. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ‘ट्राय’ने केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठीचे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा विशेष रिचार्जांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. आम्हांला हे वर्तमानपत्रातून कळले, रिचार्जच्या दुकानात नव्हे. ज्यांच्यासाठी ते आहे त्यांतले कितीजण वर्तमानपत्र वाचतात?

तूर्त आम्ही आमच्यापुरती व्यवस्था लावली आहे. गावी मासिक शुल्क नसलेली दूरदर्शनची फ्री डिश बसवली. त्यावर सह्याद्री दिसते, आईच्या मालिका मात्र दिसत नाहीत, आणि त्या पुण्याला आल्यावर पाहायच्या असे ठरले आहे. गावच्या सिमला वर्षाचे रिचार्ज मारून त्याची तारीख कालनिर्णयावर लाल शाईने लिहिली आहे. दोन्ही घरांत. बँकेत कोणता क्रमांक द्यावा याचा निर्णय अजून झालेला नाही, कारण अर्जात ‘कायमचा पत्ता’ असा एकच रकाना आहे आणि आई विचारते, “यात बिऱ्हाड कुठचं लिहायचं?”