डायलिसिसच्या खाटेवर न विचारलेला प्रश्न

लासुर्णे, निमगाव केतकीच्या बाजूने बारामतीला डायलिसिससाठी येणारा माणूस आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेस चार-चार तास यंत्राला बांधलेला असतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून गरिबाच्या डायलिसिसला आधार मिळतो, ही चांगलीच गोष्ट. त्याचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सारे कागदावर येते. परंतु संसारसुखाची ताकद राहिली की गेली, हे कोणी विचारीत नाही आणि तोही सांगत नाही.

आम्ही वकिली करतो. एका प्रकरणात सासू म्हणे, सुनेचे लक्ष घरात नाही. सून म्हणे, नवरा तोंड फिरवून निजतो. नवरा गप्प. सर्वांना बाहेर पाठवल्यावर तो म्हणाला, "वकीलसाहेब, डायलिसिस लागल्यापासून काही होतच नाही." दोन वर्षे बोल बायकोला लागत होता! कायद्याने बायको विवाह रद्द करील, ही त्याची भीती. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे. पण त्याचे १२ वे कलम नपुंसकत्वामुळे शरीरसंबंधच न झालेल्या विवाहाबद्दल आहे. या जोडप्याला तर दोन मुले!

मुळात हा आजाराचाच भाग आहे. डायलिसिसवरील निम्म्याहून अधिक पुरुषांना हा त्रास होतो. रक्तात साठणारी विषद्रव्ये पुरुषी संप्रेरक घटवतात, प्रोलॅक्टिन वाढते, रक्त कमी होते, मधुमेहाने नसा आणि रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही कारण ठरतात. वर थकवा आणि नैराश्य. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे: गोळी बदलता येते, रक्त वाढविता येते, डायलिसिस पुरेसे होते की नाही हे तपासता येते. मूत्रपिंडरोपणानंतर अनेकांत सुधारणा होते, सर्वांत नाही.

इलाज माहीत नसला की माणूस स्टँडवरच्या भिंतीवरील 'गुप्तरोग' जाहिरातीकडे वळतो. तिथल्या भस्मात पारा वा शिसे असले तर उरलेसुरले मूत्रपिंडही जाते. दुकानातून परस्पर घेतलेली सिल्डेनाफिलची गोळी तर त्याहून घातक ठरू शकते. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब तिने एकदम कोसळतो, जीवही जातो.

१९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. ज्या प्रश्नांच्या उत्तरासाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, ते विचारायला त्यांच्या अनुयायांनी लाजावे काय?

आमची मागणी मोठी नाही. बारामती-इंदापूर भागातील प्रत्येक डायलिसिस केंद्रात महिन्यातून एकदा डॉक्टरांनी रुग्णाला, त्याची तयारी असेल तर पत्नीसह, पडद्याआड दहा मिनिटे द्यावीत आणि हा प्रश्न स्वतःहून विचारावा. आजूबाजूच्या खाटांना ऐकू जाईल असा नव्हे. आणि आमच्या कार्यकर्त्यांनो, योजनेच्या कागदांसाठी रुग्णासोबत जाता, तेव्हा त्याच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर घ्यायला सांगा.