अर्धी बाटली

'मरु' हा शब्द आम्ही पस्तीस वर्षे वर्गात शिकविला. 'मृ' धातूपासून तो साधतात; जेथे तहानेने प्राण जातो तो प्रदेश मरु, अशी टीकाकार त्याची फोड करतात. शब्द पुष्कळ वेळा शिकविला, परंतु मरुभूमीत पाऊल टाकण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर आला, आणि तोही सातासमुद्रापलीकडे. आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियात नोकरीस आहेत. गेल्या मार्च महिन्यात त्यांनी एक मोटारघर भाड्याने घेऊन आम्हां उभयतांस 'डेथ व्हॅली' दाखविण्यास नेले. त्या प्रवासातील एका दिवसाची हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

मोटारघरास तिकडे 'आर. व्ही.' म्हणतात. तीस फूट लांबीच्या त्या वाहनात शेगडी होती, शीतपेटी होती, न्हाणी होती, निजण्याचीही सोय होती. पाण्याची टाकी मात्र मोजकीच. टाकीत पाणी किती उरले हे दाखविणारे लहान दिवे भिंतीवर होते. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी त्या दिव्यांचा कारभार आपल्या हाती घेतला. तोंड धुण्यास एक तांब्या, भांड्यांस दोन, असा नियम झाला. सूनबाई प्रथम हसल्या. पण तीन दिवसांत टाकी एकदाही रिती झाली नाही, तेव्हा त्याही तांब्यानेच पाणी घेऊ लागल्या.

या दरीस हे भयंकर नाव कसे पडले, याची कथा सांगतात. 1849 च्या हिवाळ्यात सोन्याच्या शोधार्थ कॅलिफोर्नियाकडे निघालेली काही कुटुंबे येथे अडकली. मोठ्या हालांनी बाहेर पडताना त्यांतील कोणीसे मागे वळून 'मृत्यूच्या दरी, रामराम!' अशा अर्थाचे उद्गार काढले म्हणे. परंतु टिंबिशा शोशोनी नावाचे लोक त्याच दरीत शतकानुशतके राहत आले आहेत. झरे कोठे, सावली कोठे आणि उन्हाळ्यात डोंगरावर केव्हा जावयाचे, हे ते जाणून होते. आजही त्यांची वस्ती तेथे आहे, व 2000 साली कायद्याने त्यांची काही भूमी त्यांस परत मिळाली. म्हणजे मृत्यूची दरी हे नाव वाट चुकलेल्यांनी ठेवले, राहणाऱ्यांनी नव्हे. मात्र नाव अगदीच निराधार आहे असेही नाही. 10 जुलै 1913 रोजी येथे 134 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 56.7 अंश सेल्सिअस उष्णता नोंदली गेली, आणि वर्षाचा पाऊस जेमतेम दोन इंच!

त्या दिवशी सकाळी 'गोल्डन कॅनियन' नामक घळीच्या तोंडाशी गाडी उभी केली. नातू तान्हा, म्हणून चिरंजीव व सूनबाई गाडीतच थांबली, आणि आम्ही दोघेच निघालो. लग्नकार्य नाही, देवदर्शन नाही, औषधपाणी नाही, आणि दोघेच मिळून चालत आहो, असा प्रसंग चाळीस वर्षांच्या संसारात क्वचितच आला असेल. जवळ पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. 'अर्धे पाणी संपले की, जेथे असाल तेथून परत फिरा,' असे चिरंजीवांनी बजावले होते. सौ. नी दोन्ही बाटल्यांच्या मध्यावर दोरा बांधून घेतला. आम्हांस तो पोरखेळ वाटला.

घळीच्या दोन्ही भिंती हळदीसारख्या पिवळ्या. प्राचीन सरोवराच्या तळचा तो गाळ आता कलून उभा राहिला आहे, आणि त्यावर लाटांच्या वळ्या अद्याप स्पष्ट दिसतात. घळीतून पूर्वी डांबरी रस्ता होता. 1976 च्या पावसात तो वाहून गेला, त्याचे तुकडे अजून वाटेत आढळतात. जेथे पाण्यावाचून जीव जातो, तेथील घळी पाण्यानेच कोरल्या आहेत, हे पाहून मोठे नवल वाटले.

शेवटी 'रेड कॅथीड्रल' म्हणून तांबडा कडा आहे. तो समोर दिसू लागला आणि सौ. थांबल्या.

"अहो, दोऱ्याखाली गेले पाणी. आता फिरायचे."

"अगं, हाकेच्या अंतरावर तर आहे! मला घामसुद्धा आलेला नाही."

"घाम नाही कसा? सदऱ्याची पाठ बघा. पांढरी झाली आहे. तुमचे सदरे मी धुते, मला ठाऊक."

पाठीवर हात फिरविला तो मिठाची भुकटी हातास लागली. कोरड्या हवेत घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो. म्हणून मनुष्यास आपल्या अंगातील पाणी गेल्याचे कळत नाही. तरीही, खोटे कशास सांगावे, मास्तरकीचा ताठा आडवा आला. आम्ही पन्नास-साठ पावले पुढे गेलोच. मागे पाहिले, तो सौ. एका दगडाच्या सावलीत शांतपणे बसल्या होत्या. बोलावीत नव्हत्या, येतही नव्हत्या. मग मुकाट्याने फिरलो.

परतताना अर्ध्या वाटेवर आमच्या पोटऱ्यांत गोळे आले व डोळ्यांपुढे अंधेरी आली. भिंतीच्या सावलीस अर्धा तास बसावे लागले. सौ. नी घोटघोट पाणी पाजले, कनवटीची खडीसाखर व मीठ दिले. गाडीशी पोहोचलो तेव्हा दोन्ही बाटल्या कोरड्या होत्या. कड्यापर्यंत गेलो असतो तर काय झाले असते, याचा हिशेब करण्याचे धैर्य झाले नाही.

दुपारी गाडीतूनच देखावे पाहिले. डोंगरातील रंगीत खडकांच्या रस्त्यावर पंचवीस फुटांहून लांब वाहनास मज्जाव असल्याने तो राहिला. बॅडवॉटर येथे मात्र उतरलो. ही जागा समुद्रसपाटीखाली 282 फूट. वर कड्यावर समुद्राच्या पातळीची पाटी लाविली आहे. समोर अकरा हजार फुटांवर टेलिस्कोप शिखराचे बर्फ, आणि पायांशी मैलोगणती मीठ. तेथे डबके आहे, पण त्याचे पाणी तोंडात घालवत नाही.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आमच्या वयाच्या वाचकांस एवढेच सांगणे: परत फिरण्याची खूण निघण्यापूर्वीच ठरवावी, आणि ती पाळविण्याचा अधिकार ज्यास पुढे जाण्याचा मोह कमी त्याच्या हाती द्यावा. कडा पाहावयाचा राहिला. रात्री ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाखाली आम्ही सौ. पाशी चूक कबूल केली. "बरं, आधी पाणी प्या," एवढेच त्या म्हणाल्या, आणि दिवा पाहावयास आत गेल्या.