‘पाचारण’ आणि पिढीजात काम

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील भक्तीचा विचार आपल्या समीक्षेत बहुधा फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) आणि रेव्हरंड टिळकांची अभंगरचना यांच्याभोवतीच फिरतो. नित्याच्या कामातून आचरली जाणारी भक्ती हा विषय निघालाच, तर सावता माळी यांचे नाव घेऊन, संतपरंपरेशी साम्य दाखवून तो मिटवला जातो. हे साम्य खोटे नाही. पण ते फार लवकर गवसते, म्हणूनच तपासून पाहिले पाहिजे.

मराठी बायबलात या कल्पनेसाठी ‘पाचारण’ हा शब्द येतो. एरवी आपण तो वैद्याला वा पोलिसांना बोलावण्याच्या संदर्भात वापरतो. म्हणजे बोलावणारा कोणी त्यात गृहीत असतो. सावतोबांचा मळा जन्माने आलेला, आणि त्या मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटतो. पाचारणात काम जन्माने ठरण्याचे कारण नाही. मात्र करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल (जो स्वतः तंबू करून पोट भरीत असे) ज्याला त्याला पाचारणाच्या वेळच्या स्थितीतच राहण्यास सांगतो. लूथरने या विचाराच्या आधारे शेतकऱ्याच्या व मोलकरणीच्या कामाला धर्मगुरूच्या कामाची प्रतिष्ठा दिली. जातिबद्ध समाजात हेच वचन पिढीजात धंद्यावर धर्माचा शिक्का मारू शकते. ज्याच्या वाट्याला जन्मानेच झाडू आला, त्याला ‘हीच तुझी भक्ती’ असे सांगणे क्रौर्याचे होय.

या पेचाचे उत्तर प्रस्तुत लेखकास धर्मशास्त्रापेक्षा केडगावात सापडते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात विधवा व दुष्काळातून आलेल्या निराधार मुली शेती आणि विणकाम करीत, छापखान्यात खिळे जुळवीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, तेथूनच प्रसिद्ध झाले. खिळे जुळवण्याचे काम त्या मुलींना जातीने वा वैधव्याने नेमून दिलेले नव्हते. भाषांतर शब्दशः असल्याने जड वाटते, हे मान्य. पण त्यामागील श्रमांची नोंद भक्तिवाङ्मयाच्या इतिहासात का नसावी?

‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी आणि संसारकथेसाठी वाचतो. लक्ष्मीबाईंच्या मनातला विटाळ बाप्तिस्म्यापूर्वीच गळून पडतो, आणि तो गळतो अन्नपाण्याच्या प्रश्नावर, प्रार्थनामंदिरात नव्हे. वर्गात हा भाग आपण बहुधा ‘धर्मांतराची पार्श्वभूमी’ म्हणून उरकतो. तो पौलाच्या त्या अध्यायाशेजारी ठेवून शिकवावयास हवा.